आधी पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बस

अगं, संयोजक म्हणून तुझं नाव निघालं हे ऐकून मला मनापासून आनंद झाला, आणि पाठोपाठ काळजीही वाटली. विद्यार्थ्यांचं शिकणं सुधारायचं, तेही अख्ख्या विद्यापीठात, पाच वर्षांचा आराखडा करून, आणि मसुदा मात्र दिवाळीच्या आत हवा! तू पाठवलेलं टिपण मी दोनदा वाचलं. संवादकौशल्य आहे, संशोधनवृत्ती आहे, उद्योजकता आहे, डिजिटल साक्षरता, मूल्यशिक्षण, जागतिक नागरिकत्व, सगळं आहे. वाईट त्यातलं एकही नाही. पण असा सर्वसमावेशक आराखडा मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलमध्ये शोभून दिसतो आणि वर्गात कुणाला जाणवतही नाही. प्रत्येक विभागप्रमुख त्यातलं आपण आधीपासून करतोय ते एक वाक्य शोधतो, त्याच्यापुढे बरोबरची खूण करतो आणि मोकळा होतो. म्हणून तुला मोठ्या बहिणीच्या हक्काने सांगते, बाकी सगळं खोडून टाक. एकच गोष्ट ठेव.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विद्यापीठांना मान्यता देणारी जी संस्था आहे, ती मान्यतेच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक विद्यापीठाकडून गुणवत्तावाढीचा एक आराखडा मागते. विषय नेमका हवा, विद्यापीठाने स्वतःच्या विद्यार्थ्यांकडे बघून तो शोधलेला हवा, आणि पुढे त्याचा परिणाम काय झाला ते दाखवायचं. मग कुणी पहिल्या वर्षाचं गणित धरतं, कुणी लेखन. सगळं एकदम सुधारण्याची भाषा तिथे चालत नाही. आपल्याकडे नॅकच्या सात निकषांमधला दुसरा निकष अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचाच आहे. पण तिथे आपण तक्ते भरण्यात इतके गुंततो की मूल काय शिकलं हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. आदल्या रात्री एक्सेलमध्ये बसवलेली सीओ-पीओ अटेनमेंट, म्हणजे विषयाची आणि पदवीची उद्दिष्टं मुलांनी किती गाठली याचा हिशेब, तूही पाहिला आहेस. त्या आकड्यांवरून कुठल्या सरांनी किंवा मॅडमनी पुढच्या वर्षी आपला तास बदलला, असं एक उदाहरण आठवतंय का तुला? मला तरी नाही आठवत.

तर ती एक गोष्ट कुठली, हे समितीत बसून ठरवू नकोस. पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बस. मागच्या बाकावर, वही घेऊन, वेगवेगळ्या विभागांत. शिकवणाऱ्याकडे बघायला जायचं नाही, आणि हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांग, नाहीतर ते बिचारे तपासणी समजून घाबरतील. तू मुलांकडे बघ. कोण काय लिहून घेतंय, फळ्यावरचं उतरवताना डोळे कुठे अडतात, शंका आली की शेजाऱ्याला कुठल्या भाषेत विचारतात, आणि उत्तर मिळालं नाही तर काय करतात. सरांना विचारतात की सोडून देतात? हे बघायला तुला समिती लागत नाही, अनुदान लागत नाही.

आणि ही मुलं कोण आहेत, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर येऊ दे. तुझ्या टिपणात 'लर्नर प्रोफाईल' या मथळ्याखाली जे आहे ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही विद्यापीठाला चालेल. आपला पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा तसा नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, त्यांच्याभोवती भोसरीतली शेकडो छोटी वर्कशॉप्स. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. पुढे चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. दरवेळी माणसं आली. आधी सातारा-सांगलीकडची, मग मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली, आणि आता उत्तर प्रदेश-बिहारमधलीही. त्यांची मुलं तुझ्या वर्गात आहेत. कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं ते पहिलंच माणूस आहे. थेरगाव, चिखली, मोशी, आळंदी रस्ता इथल्या दोन खोल्यांत राहून येणारी. लोणावळा लोकलने कामशेत-वडगावहून आकुर्डीला उतरणारी. राजगुरुनगरहून चाकणच्या चौकातल्या कोंडीत बसमध्ये उभी राहून येणारी, आणि म्हणून पहिल्या तासाला हमखास उशिरा पोचणारी.

त्यातली काही मुलं कामाला जातात. याची नोंद आपल्या कुठल्याच अर्जात नसते, म्हणून विद्यापीठाच्या लेखी ती नसतात. कुणी चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लाईनवर उभं राहतं, कुणी रात्री डिलिव्हरीची गाडी चालवतं, कुणी मुलगी संध्याकाळी क्लासमध्ये लहान मुलांना शिकवते. रात्रपाळी करून आलेला पोरगा सकाळी साडेनऊच्या तासाला डुलक्या काढतो आणि आपण त्याला 'सिन्सिअर नाही' म्हणतो. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम दाखवून त्याला डिटेन करणं सोपं असतं. त्याचा आठवडा कसा जातो ते विचारणं अवघड. तू विचार. एका कागदावर, नाव न लिहिता: कामाला जातोस का, कुठल्या वेळेत, घरून निघून कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो, अभ्यासाला बसायला घरात जागा आहे का. एवढे चारच प्रश्न, पण तुझ्या आराखड्याला ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतील.

एक बारीकशी गोष्ट सांगते, ती ऐकून तू हसशील कदाचित. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. चाकणला कंपनीगणिक वेगळं, पण इथे गुरुवार. हे आपण लहानपणापासून जाणतो. गुरुवारी बाबा घरी असायचे. आणि आपल्या सगळ्या जादा मार्गदर्शनाच्या तासिका, रेमेडियल, मेंटॉर मीटिंग कधी? शनिवारी दुपारी! ज्या मुलासाठी त्या ठेवल्या तो शनिवारी दुपारी कामावर असतो. मग रजिस्टरमध्ये हजेरी कमी दिसते आणि अहवालात वाक्य येतं की विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प आहे. अगं, पुण्याच्या पेठांमध्ये बसून केलेलं वेळापत्रक या पट्ट्याला लावून कसं चालेल?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभं केलं, आणि कमवत शिकणं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग केला. मुलाचं काम हा शिक्षणातला अडथळा आहे असं त्यांनी मानलं नाही, त्याच्याभोवती दिवस बेतला. रयतचं महात्मा फुले महाविद्यालय पिंपरीतच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. तुझं विद्यापीठ खासगी आहे, नवं आहे, तुम्हाला तर वेळापत्रक हवं तसं वाकवता येतं. संलग्न महाविद्यालयात आम्हाला एक युनिट पुढेमागे करायचं तरी अभ्यासमंडळ, विद्यापरिषद अशी वाट बघावी लागते. तुझ्या हातात मोकळीक आहे, ती वापर.

आता ती एक गोष्ट. शेवटी तूच ठरवायची, पण मला विचारशील तर मी वाचन धरीन. पाठ्यपुस्तकातलं एक पान स्वतः वाचून समजणं, आणि समजलेलं आपल्या शब्दांत सांगता येणं. फार साधं वाटतं ना? म्हणूनच ते कुणी शिकवत नाही. अकरावी-बारावीत नोट्स आणि क्लासवर निभावतं. इकडे आल्यावर लोकल ऑथरची पुस्तकं आणि मागच्या डिसेंबरचे-मेचे पेपर यांच्यावर सेमिस्टर निघते. मूळ पुस्तक उघडावंच लागत नाही. मग इनसेमला तीसपैकी काठावर, एंडसेमला बॅक, आणि दुसऱ्या वर्षी वायडी होऊन वर्ष गेलं की घरचे म्हणतात, राहू दे, लाग कामाला. गणित कच्चं म्हणून पोरगा नापास झाला असं आपण धरून चालतो. मी कितीतरी उत्तरपत्रिका अशा पाहिल्या की गणित येत होतं, प्रश्न काय विचारलाय हेच कळलं नव्हतं.

आणि वाचता येणं हे या पट्ट्यात केवळ परीक्षेपुरतं नाही. लाईनवर यंत्रापाशी कामाच्या पायऱ्यांचा कागद टांगलेला असतो, ड्रॉइंग असतं, ग्राहकाची तक्रार इंग्रजीत ईमेलने येते, आठ ओळींत त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. हॉस्पिटलमध्ये औषधाच्या सूचना असतात, ऑफिसात जीएसटीचं परिपत्रक. जो वाचून स्वतः समजून घेतो तो ट्रेनीचा इंजिनिअर होतो, सुपरवायझर होतो. ज्याला कुणीतरी दाखवावं लागतं तो आहे तिथेच राहतो, आणि मॉडेल बदललं की त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत १३२ क्रेडिट आहेत, त्यात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंगही आलं. ते ट्रेनिंग चाकणला होणार. तिथे पोरं उभी राहावीत असं वाटत असेल तर पहिल्या सेमिस्टरपासून तयारी हवी.

सुरुवात कशी करशील ते सांगते. प्रत्येक विभागाने आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं एक पान निवडायचं. मेकॅनिकलने ऊष्मागतिकीचं, कॉमर्सने कॉस्टिंगचं, नर्सिंगने शरीररचनेचं. ते मुलांना वाचायला द्यायचं आणि मग पान उलटं ठेवून तीन गोष्टी करायला सांगायच्या. काय वाचलं ते मराठीत किंवा आपल्या घरच्या भाषेत चार ओळींत लिही. त्याची आकृती किंवा तक्ता काढ. आणि न कळलेलं एक वाक्य उतरवून दे. मार्क नाहीत, नाव ऐच्छिक. एवढंच. मग त्या विभागातले सगळे शिक्षक एका टेबलाभोवती बसून मुठभर कागद मोठ्याने वाचतील असं बघ. चहा सांग, दार लाव, आणि कुणालाही दोष न देता फक्त वाचा. माझा अनुभव आहे की शिक्षक परिषदेला जाऊन बदलत नाहीत, आपल्याच मुलांनी लिहिलेलं असं एकत्र बसून वाचलं की बदलतात. 'अरे, हे मी तीनदा शिकवलंय' म्हणणारे सर जेव्हा मुलाने उतरवलेलं न कळलेलं वाक्य बघतात, तेव्हा त्यांना आपोआप कळतं की अडचण त्या वाक्याच्या आधीच्या वाक्यात होती.

पान उलटं ठेवून आठवायला लावणं यालाही आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता! परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनाने रंगवलेली पानं घेऊन बसलेली आपली मुलं आठव.

भाषेबद्दल तुझ्या मनात धाकधूक आहे, मला माहीत आहे. मराठीत लिहू दिलं तर 'दर्जा' घसरेल असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना आपल्या अंगणातलं उदाहरण दे. एआयसीटीईने २०२१-२२ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली, तेव्हा मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने काढला. तुला माध्यम बदलायचं नाही. पेपर इंग्रजीतच राहू देत. पण कल्पना पहिल्यांदा मनात बसते ती ज्या भाषेत मूल आईशी भांडतं त्या भाषेत, आणि ती बसल्यावर इंग्रजीत नेता येते. वर्गात बिहारचा मुलगा असेल तर त्याने हिंदीत, भोजपुरीत समजून घ्यावं. जोडीने बसून पाच मिनिटं आपापल्या भाषेत बोलायचं, मग एक परिच्छेद इंग्रजीत लिहायचा. दोन्ही पायऱ्या हव्यात. पहिलीवरच थांबलं तर नोकरीच्या मुलाखतीत पोरं मार खातील, आणि दुसरीवर थेट उडी मारली तर पाठांतर होईल. एवढं तू ठामपणे सांग, मागे हटू नकोस.

मोजण्याचं काय, हे कुलगुरू पहिल्याच बैठकीत विचारतील. इथे मला बाबा आठवतात. आयुष्यभर क्वालिटीत काढलं त्यांनी. ते म्हणायचे, गाडी तयार झाल्यावर गेटवर दोष सापडला तर तो दोष नाही, तो खर्च आहे; दोष लाईनवर, त्याच स्टेशनला सापडायला हवा. आपली एंडसेम म्हणजे ते गेट. मे महिन्यात परीक्षा, जूनच्या शेवटी निकाल, आणि तोवर मूल पुढच्या वर्गात. मुलं म्हणजे सुटे भाग नव्हेत हे मला सांगायला नको. पण सेमिस्टरच्या चौथ्या आठवड्यात अमुक गोष्ट तिसऱ्या बाकावरच्या मुलीला कळली नाही, हे चौथ्याच आठवड्यात कळायला काय हरकत आहे? म्हणून तोच पानाचा प्रयोग सेमिस्टरच्या चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा कर. मुलांचे कागद जपून ठेव. पुढच्या वर्षी नव्या मुलांना तेच पान दे. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की बदल झाला का ते कुठल्याही शिक्षकाला डोळ्यांनी दिसेल. याला इंटर्नलचे गुण मात्र अजिबात जोडू नकोस. गुण जोडले की सगळ्यांना तीसपैकी सव्वीस मिळतात आणि खरं चित्र झाकलं जातं, हे तू-मी दोघी जाणतो.

सॉफ्टवेअर विकणारे येतील. प्रत्येक मुलाचं शिकणं रंगीत आलेखात दाखवू म्हणतील. चहा पाज आणि एक वर्ष थांबायला सांग.

अख्ख्या विद्यापीठात एकदम सुरू करायचा आग्रह होईल, त्याला नाही म्हण. कार्ल वायमन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर त्यांनी आपलं आयुष्य विद्यापीठातलं विज्ञान शिकवणं सुधारण्यात घातलं. आधी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात, मग २००७ पासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. त्यांची खूणगाठ एक होती: विद्यापीठ बदलत नाही, विभाग बदलतो. कारण काय शिकवायचं, कोण शिकवणार, पेपर कसा काढायचा हे विभागात ठरतं. म्हणून त्यांनी पैसा विद्यापीठभर शिंपडला नाही. विभागांना सांगितलं, तुमचा प्रस्ताव आणा, त्यात तीन प्रश्नांची उत्तरं द्या. मुलांना काय यायला हवं? आत्ता त्यांना खरोखर काय येतं? आणि कसं शिकवलं तर त्यात फरक पडेल? ज्यांचा प्रस्ताव जोरदार त्यांना मोठी रक्कम. शिवाय त्या विषयातच पीएचडी झालेली तरुण माणसं विभागात नेमली, शिक्षकांच्या शेजारी बसून तास बेतायला. त्यांचा खर्च डॉलरमध्ये लाखांत होता, आपल्याला तो जमणार नाही. रचना मात्र घेता येते. तुझ्याकडे पीएचडी करणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्यापैकी चांगली दोन-चार विभागांना दे, आणि पहिल्या वर्षी ज्या तीन विभागांनी स्वतःहून हात वर केला त्यांनाच घे. त्यातला एक तरी मेकॅनिकल किंवा कॉमर्ससारखा मोठा असू दे, म्हणजे छोट्या वर्गात चालतं, मोठ्यात नाही, असं कुणी म्हणणार नाही.

शिकवण्याच्या पद्धतीवर वाद घालायची वेळ आली तर हातात एक आकडा ठेव. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास, मुलांना तासातच काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. आपल्या एका तुकडीचा हिशेब करून बघ, किती घरांतला प्रश्न आहे हा.

त्याबरोबर एक सावधगिरी. पहिल्या सेमिस्टरला विद्यार्थ्यांचे फीडबॅक खाली येतील. येतीलच. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात तपासून पाहिलं तेव्हा असं दिसलं की स्वतः झटावं लागणाऱ्या तासात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सुरेल व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः करताना घाम फुटतो. हे मुलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगायचं. आणि कुलगुरूंकडून लेखी घे की या तीन विभागांतल्या शिक्षकांचे फीडबॅकचे गुण वर्षभर त्यांच्या मूल्यमापनात धरले जाणार नाहीत. नाहीतर जो शिक्षक जीव तोडून नवं करेल तोच मार खाईल आणि पुढच्या वर्षी कुणीही हात वर करणार नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. पहिल्या वर्षाला शिकवतं कोण? बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवी माणसं, करारावरची, नाहीतर तासिका तत्त्वावरची. ज्यांना तासाचे पैसे मिळतात, बैठकीचे नाही. सुट्टी लागली की पगार थांबतो. दोन कॉलेजांत तास घेऊन मोशीहून आकुर्डीला धावणारी ती मुलगी, तिला तू सांगणार की ये, एकत्र बसून कागद वाचू? ती येईल, कारण तिला नोकरी टिकवायची आहे. पण तो तास तिचा फुकट घेतला तर आपण मुलांच्या शिकण्याच्या नावाखाली तिच्यावर अन्याय करतो. आराखड्यात सगळ्यात आधी त्या तासांच्या मानधनाची ओळ घाल. पोस्टर, उद्घाटन, स्मृतिचिन्ह यांतलं काहीही कापावं लागलं तरी चालेल. आणि ज्येष्ठ प्राध्यापकांना विनंती कर की वर्षातून एक विषय तरी पहिल्या वर्षाचा घ्या. सगळे घेणार नाहीत. एकाने घेतला तरी बाकीच्या तरुण शिक्षकांची मान ताठ होते.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येईल. तो खरा आहे, टाळू नकोस. एका थिअरी क्रेडिटला पंधरा तास, त्यात सीईटीच्या फेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची मुलं येतात उशिरा, सेमिस्टर आधीच तोकडं. त्यात वाचन-लेखनाला वेळ द्यायचा तर काहीतरी सोडावं लागेल. तुझ्या विद्यापीठाची अभ्यासमंडळं तुमचीच आहेत, मग प्रत्येक विषयातून थोडा भाग काढून टाकायला त्यांना भाग पाड. कुणाला कमी करायला आवडत नाही, प्रत्येकाला आपला मुद्दा पवित्र वाटतो. पण मुलांना न कळता पूर्ण झालेला अभ्यासक्रम कुणाच्या कामाचा? इथे तू ठाम राहिलीस तर आराखडा जगेल, इथे मवाळ झालीस तर तो 'अतिरिक्त उपक्रम' होईल. अतिरिक्त उपक्रमांचं काय होतं ते नव्या मुलांच्या दीक्षारंभच्या पहिल्या आठवड्यात आपण दरवर्षी बघतोच: भाषणं होतात, फोटो निघतात, सोमवारपासून सगळं पूर्ववत.

कुणी म्हणालं की एवढा वेळ पायाभूत गोष्टींवर कशाला, कंपन्यांना थेट कौशल्यं हवीत, तर त्यांना टेल्कोची गोष्ट सांग. १९६६ मध्ये सुमंत मूळगावकरांनी पिंपरीला कारखान्याची उभारणी सुरू केली, तेव्हा वाहनं बनवण्याच्या कितीतरी आधी प्रशिक्षणाची आणि यंत्रं-अवजारं घडवण्याची सोय उभी केली. होतकरू पण अननुभवी पोरांना घेऊन शिकवलं. वाहनं पुढे सत्तरच्या दशकात यायला लागली. त्या शिकाऊ उमेदवारांमधून या पट्ट्यातले कितीतरी कुशल कारागीर आणि छोटे उद्योजक घडले; आपल्या चाळीत दोघं होतेच. या पट्ट्यातल्या एवढ्या मोठ्या कारखान्याची सुरुवातच आधी शिकवण्यापासून झाली असेल, तर विद्यापीठाला शिकवण्यासाठी थांबायला लाज कसली?

थकशील तू, हे खरं. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही. एखादा विभाग मधेच सोडेल. कुणी म्हणेल, हिला डीन व्हायचंय म्हणून चाललंय सगळं. त्यावर उत्तर देत बसू नकोस. आठवड्यातून एकदा तरी त्या वर्गांपैकी एका वर्गात जाऊन बसायचं सोडू नकोस, कितीही बैठका असल्या तरी. आणि घरी आल्यावर जेवायच्या आधी लॅपटॉप उघडायचा नाही, हेही सांगून ठेवते.

कुलगुरूंना भेटायला जाशील तेव्हा चाळीस स्लाईड नेऊ नकोस. एक पान ने. त्यावर चारच मागण्या असू देत. तीन विभागांच्या वेळापत्रकात वाचन-लेखनाचा आठवड्याला एक पूर्ण तास, सकाळच्या मधल्या वेळेत. कामावर जाणाऱ्या मुलांसाठी त्याच तासाची दुसरी बारी गुरुवारी. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्या तासाचं आणि कागद वाचण्याच्या बैठकीचं मानधन. आणि फीडबॅकबद्दलचं ते पत्र. तोंडी 'हो, हो, करू' म्हणतील, त्यावर उठू नकोस; पुढची तारीख विचार. पत्र सहीनिशी हातात आलं की मगच विभागप्रमुखांची बैठक लाव, आणि बैठकीला जाताना मुलांचे ते कागद बरोबर ने. पहिल्या पंधरा मिनिटांत तू काही बोलू नकोस. त्यांना कागद वाचू दे.